लेंटमध्ये काय सोडावं, काय सोसावं आणि कुठे शांत बसावं

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ. त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, जवळ आला की कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांत पहिली चर्चा होते ती मटणाची. चाळीस दिवस तांबडा-पांढरा पूर्ण बंद, की फक्त शुक्रवारी बंद? आणि रविवारी चालतं का? ज्या गावात पाहुण्याचा मान मटणाच्या ताटाने ठरतो, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बहुतेक घरांत चर्चा तिथेच थांबते. मटण सुटतं आणि त्याची भरपाई म्हणून चिडचिड वाढते. घरच्यांना वाटतं, यापेक्षा यांनी खाल्लेलं बरं!

लेंट काटेकोर पाळणाऱ्यांसाठी हा लेख आहेच, पण न पाळणाऱ्यांसाठीही आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ साली. त्या परंपरेने लेंटचं फार स्तोम कधी माजवलं नाही, आणि त्याला जुनं कारण आहे. १५२२ साली झुरिचमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी लेंटमध्ये सॉसेज खाल्ले गेले आणि गावभर गदारोळ झाला. तिथला धर्मसुधारक झ्विंगली हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर खाणाऱ्यांची बाजू घेतली: देवाने जे बंधन घातलेलं नाही ते माणसाने दुसऱ्यावर लादू नये. मला त्याचं म्हणणं पटतं. म्हणून पुढच्या पायऱ्यांना नियम समजू नका. लेंट पाळत नसाल तर वर्षातले कुठलेही सहा आठवडे घ्या. पाळत असाल तर हिशेब सोपा आहे: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार उपवासाचे नसतात, उरले ४०. रविवारच्या मटणाचं उत्तर त्यातच आलं.

पहिली पायरी: एका पानावर दोन रकाने

सुरुवात वहीच्या एका पानाने करा. मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, मी आपणहून काय सोडू शकतो. उजवीकडे लिहा, माझ्यावर न विचारता काय आलंय.

डावीकडे येईल: रात्रीचा मोबाइल, टपरीवरचा दुसरा-तिसरा चहा, भांडणात शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट, हप्त्यावर घ्यायची ठरवलेली नवी गाडी. उजवीकडे येईल: शुगर, अंथरुणाला खिळलेली आई, शिकून घरी बसलेला मुलगा, सोसायटीचं कर्ज, लग्न मोडलेली बहीण.

आपण हे सगळं एकाच माळेत ओवतो आणि त्याला ‘माझा क्रूस’ म्हणतो. घोळ तिथून सुरू होतो. लूक ९:२३ मध्ये येशू म्हणतो ते अशा माणसाला, ज्याला त्याच्यामागे यायची इच्छा आहे. स्वतःला नाकार आणि रोज आपला वधस्तंभ उचल. ते बोलावणं आहे, त्याला हो किंवा नाही म्हणता येतं. डावा रकाना त्या बोलावण्याचा आहे. उजव्या रकान्यातलं काही तुम्ही निवडलेलं नाही, म्हणून ते टळावं अशी प्रार्थना करायला तुम्ही मोकळे आहात. गेथशेमाने बागेत येशूने तेच मागितलं, आणि मत्तयाच्या वृत्तान्ताप्रमाणे तीनदा मागितलं. प्रेषित पौलानेही देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली (२ करिंथ १२:८). “आजार जाऊ दे म्हणणं म्हणजे विश्वास कमी पडला” असं तुम्हाला कोणी ऐकवलं असेल, तर हे दोन उतारे काढून शांतपणे पुन्हा वाचा.

उजव्या रकान्यात एक गोष्ट मात्र लाल शाईने वेगळी काढायची: कोणीतरी तुम्हाला देत असलेला त्रास. नवऱ्याची मारहाण, सासरचा छळ, कामावरची लैंगिक छेडछाड. “तुझा क्रूस आहे बाई, सोस” हा सल्ला आपल्या मंडळ्यांत अजून दिला जातो, आणि देणारे बहुधा ज्यांना काही सोसावं लागत नाही असेच असतात. नासरेथचे लोक कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). शिष्यांनाही त्याने सांगितलं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा (मत्तय १०:२३). तेव्हा मार खात राहणं हे स्वतःला नाकारण्यात मोडत नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, आणि घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. हे नंबर उपासनेच्या सूचनांमध्ये वाचून दाखवायला काहीच हरकत नसावी.

दुसरी पायरी: एकच गोष्ट सोडा, आणि तिचा फायदा कुणाला ते लिहा

डाव्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा. पाच निवडल्या की पहिल्या आठवड्यात तीन मोडतात आणि उरलेल्या दोन अपराधाच्या भावनेत वाहून जातात.

निवडताना यशयाचा ५८ वा अध्याय समोर ठेवा. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केले तरी देव बघत नाही, आणि उत्तर येतं: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवता, भांडता. मला हवा असलेला उपास म्हणजे जोखडं मोडणं, भुकेल्याला आपली भाकर देणं. म्हणून निवडलेल्या गोष्टीपुढे लिहा: मी हे सोडल्याने कुणाचं ओझं हलकं होणार? उत्तर सुचत नसेल तर निवड बदला.

मटणच घ्या. ते सोडायचं असेल तर आठवड्याला मटणावर जाणारे पैसे डब्यात वेगळे टाका आणि कुणाला द्यायचे ते आधीच ठरवा: सीपीआर रुग्णालयात पेशंटजवळ बसलेल्या खेड्यातल्या नातेवाइकांचं जेवण, मंडळीतल्या एखाद्या विधवेचं वीजबिल, शेजारच्या पोराच्या वह्या. पैसे तसेच बचत खात्यात राहिले तर तो काटकसरीचा महिना झाला. काटकसर वाईट नाही, पण तिला लेंट म्हणायचं कारण नाही.

मोबाइल सोडायचा तर त्या वेळेत काय होणार ते ठरवा. वडिलांशी अर्धा तास बोलणार? बायकोच्या हातातली भांडी घेणार? नाही तर मोबाइलच्या जागी टीव्ही येतो.

सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी: शेवटचा शब्द सोडणं. घरात वाद झाला की आपलं बरोबर असतानाही तो पुढे न ओढणं. ज्यांच्या तोंडावर घर चालतं, त्यांनी हे निवडावं. जे आधीच गप्प असतात त्यांनी मुळीच निवडू नये.

हीच गोष्ट जेवणालाही लागू आहे. आपल्या घरांत बाई सगळ्यांत शेवटी जेवते, उरलेलं जेवते आणि तिला कोणी उपास म्हणत नाही. तिने लेंटमध्ये आणखी एक जेवण सोडण्यात कसला त्याग? तिच्यासाठी उलटं सुचवेन: चाळीस दिवस सगळ्यांबरोबर, गरम जेवायला बसायचं. वाढायचं काम घरातल्या पुरुषांनी करायचं. त्यांचा डावा रकाना तिथेच भरेल.

त्यागाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही चुकलेला नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी मातीतून केलेला तो त्याग होता, आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. पण टिळकांच्या दातृत्वाचा भार घरात कोण वाहत होतं, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचलेल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

निवडलेली गोष्ट एका जाणत्या माणसाला सांगा: पाळकसाहेब, मंडळीतले वडील किंवा मोठी बहीण. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत लेंटवर छोटासा ४९ वा अध्याय आहे. त्यात अट अशी की जो संन्यासी जे काही सोडणार असेल ते त्याने आधी मठाधिपतीला सांगावं, नाही तर ते गर्वाच्या खाती जमा होईल. सांगितल्याने दुसरा फायदाही होतो. समोरचा म्हणू शकतो, “अगं, तुला बीपी आहे, हे नको.”

तिसरी पायरी: उपवास धरायचा असेल तर

सगळ्यांनी धरायची गरज नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, खाण्याच्या विकारातून गेलेले तरुण-तरुणी यांनी जेवण सोडू नये. औषध चालू असलेल्या बाकीच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लेंट येतो तो फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे कोल्हापुरात ऊन तापायच्या दिवसांत. पाणी सोडू नका. उद्यमनगरात भट्टीजवळ किंवा शिरोलीच्या कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याने कामाच्या दिवशी कडक उपवास धरून चक्कर येऊन पडण्यात देवाचा काही गौरव नाही.

पहिल्यांदा करत असाल तर आठवड्यातून एक दिवस, एकच जेवण सोडा, शक्यतो दुपारचं. तो वेळ प्रार्थनेला द्या. संध्याकाळी साधं जेवा: भाकरी, आमटी, भात. साबुदाणा खिचडी, रताळ्याच्या फोडी, शेंगदाण्याचा लाडू अशी रांग लावली की उपवास जेवणापेक्षा जड होतो, हे आपल्या शेजाऱ्यांच्या एकादशीत आपण पाहतोच. ती चूक आपणही उचलू नये.

मत्तय ६:१६-१८ मध्ये सांगितलंय, उपास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. म्हणजे दाखवू नका. पण कोल्हापुरात लपवणंही सोपं नाही. जेवायला बोलावलं आणि नाही म्हटलं की प्रश्न येतोच, “काय काकी, उपास धरलाय व्हय?” “व्हय, आज धरलाय. उद्या येते जेवायला” एवढं बोलून विषय संपवा. खोटं बोलू नका आणि प्रवचनही देऊ नका. आग्रह फारच झाला आणि समोरच्याचं मन मोडत असेल तर खा. दुसऱ्या दिवशी उपवास धरा.

शरीराला छळणं हा हेतू नाही. पौलाने कलस्सैकरांना (२:२३) स्पष्ट लिहिलंय की देहदंड दिसायला ज्ञानाचा वाटतो, पण वासनांना आवर घालायला त्याचा उपयोग नाही. चौथ्या शतकात गांग्रा इथल्या धर्मसभेने तर लग्न आणि मांसाहार यांना तुच्छ मानणाऱ्या कडक तपस्व्यांनाच दोषी ठरवलं होतं.

चौथी पायरी: शांत बसायला जागा

येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात जायचा (मार्क १:३५). पण त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर, सहा माणसं आणि साडेपाचला येणारं पाणी नव्हतं. तेव्हा आपल्या घराला जमेल ते बघू.

रंकाळ्यावर पहाटे शांतता असते ही समजूत सोडा. तिथे पहाटेच फिरणाऱ्यांची गर्दी जास्त, आणि ओळखीचे चार तरी भेटतात. फिरायला छान, बसायला नाही. विद्यापीठाच्या आवारात आतल्या रस्त्याला झाडाखाली बसता येतं. पंचगंगेचा घाट भर दुपारी बराच मोकळा असतो, पण ऊन. महिन्यातून एकदा अर्धा दिवस काढता आला तर पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर जा. मोबाइल बंद करून दोन तास नुसतं चाला.

रोजसाठी मात्र घराजवळचंच बघा. गच्ची, किंवा उपासनेच्या अर्धा तास आधी रिकामं चर्च. ख्रिस्ती दफनभूमीही चालते, लोक तिथे उगाच घाबरतात. शिफ्टवाल्यांनी पहाटेचा हट्ट धरू नये. रात्रपाळीच्या नर्सने ड्यूटीवरून आल्यावर झोपण्याआधीची दहा मिनिटं घ्यावीत. रिक्षावाल्याला स्टँडवर नंबर लागेपर्यंत जो वेळ मिळतो, तो पुरे.

बसल्यावर काय करायचं? ही रीत बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या संन्याशाने मांडलेल्या चार पायऱ्यांवर बेतलेली आहे: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं असणं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलमधलं बायबल नको, कागदाचं घ्या. स्तोत्र १३१ उघडा, तीनच ओव्या आहेत. हळू आवाजात, ओठ हलवत दोनदा वाचा. जिथे मन अडकेल तो शब्द धरा. आईजवळ शांत झालेलं, दूध तुटलेलं मूल म्हटलंय. दूध मागायला नाही, नुसतं आईपाशी म्हणून आलेलं. तो शब्द घेऊन तुमचा आजचा दिवस त्याच्यासमोर ठेवा. मग देवाशी बोला, मोठे शब्द न वापरता. शेवटी काहीही न बोलता थोडा वेळ बसा.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशीसारखं मन एका जागी उभं राहील अशी अपेक्षा ठेवू नका. ते गॅसच्या नंबरावर, मुलाच्या फीवर, कालच्या अपमानावर जाणार. गेल्याचं कळलं की धरलेल्या शब्दाकडे परत या. इतकंच. पंधरा मिनिटांत वीस वेळा परत आलात तरी बैठक वाया गेली नाही. आणि डोळा लागला तर लागू दे. संदेष्टा एलीया मरण मागून झोपी गेला, तेव्हा देवदूताने आधी भाकर दिली आणि पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). त्या अध्यायातला मंद, शांत वाणीचा प्रसंग सगळ्यांना आठवतो; भाकर आणि झोप त्याच्या आधी आली होती.

पाचवी पायरी: उजव्या रकान्याचं काय करायचं

आता उजव्या रकान्यातलं एक दुःख घ्या आणि त्याचं स्तोत्र लिहा. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, पण आपल्या उपासनेत टाळ्यांची गाणीच जास्त. नमुन्याला स्तोत्र १३ घ्या. सुरुवातीच्या दोन ओव्यांतच “कोठवर” हा प्रश्न चारदा येतो. मग मागणं, मग भरवसा. तुम्हीही चार भागांत लिहा: हाक, तक्रार, मागणं, आणि शेवटी भरवसा. भरवसा येत नसेल तर तो भाग कोरा सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

“हे माझ्याच वाट्याला का” याचं उत्तर शोधू नका, आणि दुसऱ्याला तर मुळीच देऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. घरं पाण्यात असताना “पापाचं फळ” म्हणणारे सगळ्या धर्मांत निघाले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांहून जास्त पापी होती असं वाटतं का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच “नाही” म्हणाला (लूक १३). पुराचं कारण पाऊस, धरणांचे विसर्ग आणि पूररेषेतली बांधकामं यांत शोधायचं असतं.

दुःखातल्या माणसाला भेटायला गेलात तर बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेच. बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. तेव्हा जाताना डबा न्या, थोडं बसा, सांगितलं तर ऐका. “देवाची योजना असते” हे वाक्य घरीच ठेवून जा.

पंडिता रमाबाईंकडे मी याच नजरेने पाहतो. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. यातलं काहीच त्यांनी निवडलेलं नव्हतं. निवडलं ते वेगळंच: दुष्काळातल्या मुलींना केडगावच्या आपल्या आश्रमात आणणं, शास्त्राचं भाषांतर मनोरमेच्या मागेही चालू ठेवणं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. दोन रकाने एका आयुष्यात कसे शेजारी राहतात ते इथे दिसतं.

आणि हे नीट वाचा: दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर एकट्याने मनन करत बसू नका. डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

सहावी पायरी: पवित्र सप्ताह

ईस्टरची तारीख पौर्णिमेवर ठरते, आणि जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. त्यामुळे बऱ्याच वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात येतात. सासनकाठ्या, गुलाल, “चांगभलं”चा गजर, गाड्यांनी भरलेले रस्ते. शांतता मिळत नाही म्हणून कुरकुर करू नका. यहुद्यांचा वल्हांडणही पौर्णिमेचाच सण होता. यरुशलेम यात्रेकरूंनी भरलेलं असताना येशू बागेत प्रार्थना करत होता, आणि वर चांदणं होतं.

गुरुवारी रात्री, प्रभूभोजनाची उपासना झाल्यावर, घरी येऊन गच्चीवर तासभर बसा. मत्तय २६:३६-४६ एकदा वाचा आणि मग फक्त जागे राहा. शुक्रवारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते. मागे बसा, आणि प्रत्येक उद्गारानंतर एकच ओळ वहीत लिहा. शनिवार मात्र बहुतेकांचा चर्च सजवण्यात आणि खरेदीत जातो. त्यातला निदान एक तास मोकळा ठेवा. शिष्यांसाठी तो काहीच न कळण्याचा दिवस होता. डब्यातले पैसे शनिवारीच पोहोचवा, पाकिटावर नाव न घालता.

ईस्टरनंतर

ईस्टर ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) हे पन्नास दिवस उपवासाचे नाहीत. ३२५ सालच्या निकिया धर्मसभेने तर या दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असं ठरवलं होतं. तेव्हा सोडलेलं परत घ्यायला लाजू नका. फक्त पान पुन्हा उघडा. डाव्या रकान्यातली गोष्ट सोडल्याने घरात कुणाला खरंच सुटका वाटली असेल, तर त्यालाच विचारा, “हे असंच चालू ठेवू का?” उजव्या रकान्यातलं जे अजून तसंच आहे, त्याच्यासमोर तारीख टाका आणि पंधरा मिनिटांची बैठक चालू ठेवा.